जिंकतायत म्हणून हाकललं! ९९ वर्षं जुन्या फुटबॉल लीगनं आपल्याच संस्थापक टीमला बाहेर का काढलं?

९७-०.

हा कबड्डीचा स्कोअर नाही, बास्केटबॉलचाही नाही. अमेरिकन फुटबॉलच्या मॅचचा आहे. साल २०१७, ठिकाण अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य. एका बाजूला सेंट थॉमस, दुसऱ्या बाजूला सेंट ओलाफ. दोन्ही कॉलेजं एकाच लीगमधली आणि ती लीग १९२० साली ज्यांनी मिळून सुरू केली त्या सात कॉलेजांपैकी ही दोन. एकानं दुसऱ्याला ९७ पॉइंट्सनी तुडवलं.

हा खेळ फारसा बघत नसाल, तर ९७ म्हणजे किती ते आधी सांगतो. बॉल घेऊन समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात घुसलं की टचडाउन, त्याचे ६ पॉइंट. त्यानंतर एक किक मारायला मिळते, ती बरोबर गेली की आणखी १. म्हणजे एका टचडाउनमागे साधारण ७. या हिशोबानं ९७ म्हणजे जवळपास १४ टचडाउन. साठ मिनिटांच्या खेळात दर चार-साडेचार मिनिटांनी एक, आणि समोरून भोपळा.

या मॅचनंतर दोन वर्षांच्या आत लीगनं सेंट थॉमसला सांगितलं, तुम्ही आता जा. पैसे खाल्ले होते का? नाही. खोटे खेळाडू खेळवले होते का? तेही नाही. लीगनं स्वतःच स्पष्ट केलं होतं की सेंट थॉमसनं कुठलाही नियम मोडलेला नाही.

मग झालं काय होतं?

आधी ही लीग समजून घेऊ

लीगचं पूर्ण नाव मिनेसोटा इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक कॉन्फरन्स. तिकडचे लोक एवढं लांब नाव घेत नाहीत, ते म्हणतात ‘मायॅक’. कॉन्फरन्स म्हणजे इथं एसी हॉलमधली, चहा-बिस्किटांची परिषद नव्हे. आजूबाजूच्या, साधारण सारख्या वकुबाच्या कॉलेजांनी एकत्र येऊन केलेला गट म्हणजे कॉन्फरन्स. वर्षभर सगळे खेळ याच गटात खेळायचे, गटाचा विजेता ठरवायचा आणि तो विजेता पुढे देशपातळीवर जातो.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांवर एनसीएए नावाची संस्था देखरेख करते आणि तिचे तीन डिव्हिजन आहेत. टीव्हीवर दिसणारी, लाखभर लोकांच्या स्टेडियमवाली कॉलेजं डिव्हिजन वनमध्ये. मायॅक येते डिव्हिजन थ्रीमध्ये. इथला सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे खेळाडू आहेस म्हणून स्कॉलरशिप मिळणार नाही. मार्कांवर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत मिळू शकते, पण तू चांगला धावतोस म्हणून फी माफ, असं चालत नाही. पोरं स्वतःची फी भरून शिकतात आणि शनिवारी मॅच खेळतात. यातले बहुतेक जण पुढे अकाउंटंट, शिक्षक, डॉक्टर होतात.

बहुतेक. सेंट जॉन्स कॉलेजच्या बेन बार्चला २०२० च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सनं चौथ्या फेरीत उचललं. वजन वाढवायला हा गडी अंडी, कॉटेज चीज, पीनट बटर, केळं आणि गेटोरेड मिक्सरमध्ये एकत्र फिरवून प्यायचा. त्याचा व्हिडिओ शोधाल तर जेवणाआधी बघू नका.

२०१९ मध्ये मायॅकमध्ये फुटबॉल खेळणारी नऊ कॉलेजं होती. म्हणजे प्रत्येकाच्या गटात आठ मॅच. ही मंडळी किती घरगुती आहेत याचा एकच नमुना देतो. नॉर्थफिल्ड नावाच्या छोट्याशा गावात कार्लटन आणि सेंट ओलाफ ही दोन कॉलेजं आहेत. १९७७ साली अमेरिकेत मेट्रिक पद्धत आणायची चर्चा जोरात होती, तेव्हा या दोघांनी यार्डांऐवजी मीटरमध्ये आखलेल्या मैदानावर मॅच खेळली. तिला नाव दिलं ‘लिटर बोल’. सेंट ओलाफ ४३-० नं जिंकलं. अमेरिका काही मेट्रिक झाली नाही, पण मॅच इतिहासात राहिली. अशा मंडळींची ही लीग.

टॉमी आणि जॉनी

या लीगमध्ये एक वैर होतं. सेंट थॉमसवाल्यांना म्हणतात टॉमी, सेंट जॉन्सवाल्यांना जॉनी. दोन्ही कॅथलिक कॉलेजं. सेंट थॉमस राजधानी सेंट पॉलमध्ये, शहरातलं. सेंट जॉन्स तिथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर कॉलेजव्हिलच्या झाडीत, बेनेडिक्टाइन साधूंनी सुरू केलेलं, फक्त मुलांचं. पहिली मॅच १९०१ ची. आजोबा जॉनी, वडील जॉनी आणि पोरानं टॉमी व्हायचं ठरवलं तर घरात काय होईल याची कल्पना करा.

बरीच वर्षं या वैरात पारडं जॉनींचं जड होतं, आणि त्याला कारण एक माणूस. जॉन गालियार्डी. १९५३ ते २०१२ अशी साठ सीझन तो सेंट जॉन्सचा कोच होता. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सगळ्यात जास्त विजय त्याच्या नावावर आहेत, ४८९. चार राष्ट्रीय विजेतेपदं. आणि कोचिंगची पद्धत अशी की इतर कोचना चक्कर यावी. सरावात टॅकल करायचं नाही, म्हणजे एकमेकांना आदळून पाडायचं नाही. शिट्टी नाही. खेळाडूंनी त्याला ‘कोच’ म्हणायचं नाही, सरळ ‘जॉन’ म्हणायचं.

१९९३ च्या सीझनमध्ये गालियार्डीच्या टीमनं एका मॅचमागे सरासरी ६१.५ पॉइंट केले होते. परत वाचा, सरासरी! म्हणजे मायॅकमध्ये एकतर्फी धुलाई ही २०१७ ची नवी गोष्ट नव्हती. पण तेव्हा जॉनींना बाहेर काढा असं कोणी म्हटलं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिकडे टॉमींची अवस्था २००७ मध्ये अशी होती की दहा मॅचपैकी दोन जिंकल्या, आठ हरल्या. २००८ मध्ये ग्लेन करूसो नावाचा कोच आला आणि पाच वर्षांत चित्र पालटलं. २०१२ आणि २०१५ मध्ये सेंट थॉमस थेट डिव्हिजन थ्रीच्या राष्ट्रीय फायनलला पोहोचलं. दोन्ही वेळा ओहायोच्या माउंट युनियनकडून हरलं, पण मायॅकमधल्या इतरांसाठी आता एकाऐवजी दोन राक्षस झाले होते.

आता २०१७ च्या त्याच सीझनची दुसरी बाजू बघा. सप्टेंबरमध्ये टॉमी-जॉनी मॅच कॉलेजच्या मैदानावर नाही, तर मिनियापोलिसच्या टार्गेट फील्डवर ठेवली. हे मेजर लीग बेसबॉलमधल्या मिनेसोटा ट्विन्सचं स्टेडियम. लोक किती आले? ३७,३५५. डिव्हिजन थ्रीच्या इतिहासातला विक्रम. सेंट थॉमस २०-१७ नं जिंकलं, अगदी घासून.

म्हणजे एकाच टीमनं एकाच सीझनमध्ये एक मॅच अशी खेळली की सदतीस हजार लोक श्वास रोखून बसले, आणि दुसरी अशी की समोरच्या पोरांच्या आईवडिलांना हाफटाइमलाच घरी जावंसं वाटलं असेल. लीगला जी टीम सगळ्यात जास्त प्रसिद्धी मिळवून देत होती, तीच लीगला सहन होत नव्हती.

२२ मे २०१९

त्या दिवशी मायॅकनं जाहीर केलं की सेंट थॉमसला सदस्यत्वातून काढण्यात येतंय. इंग्रजी पत्रकातला शब्द होता ‘इनव्हॉलंटरी’, म्हणजे स्वेच्छेनं नव्हे. कारण दिलं खेळातल्या बरोबरीचं, म्हणजे स्पर्धा समतोल राहिलेली नाही. मुदत दिली २०२१ च्या वसंतापर्यंत. हा निर्णय कोच किंवा खेळाडूंचा नव्हता, कॉलेजांच्या अध्यक्षांच्या मंडळाचा होता. त्याआधी काही आठवडे बातम्या येत होत्या की सेंट थॉमस राहिलं तर आम्हीच बाहेर पडतो आणि वेगळी लीग काढतो, असं काही कॉलेजं म्हणतायत. म्हणजे लीगपुढे दोनच रस्ते उरले होते, एक टीम घालवायची की लीगच फुटू द्यायची.

लोकांना वाटलं हे फुटबॉलपुरतं आहे. तसं नव्हतं. सेंट थॉमस जवळजवळ प्रत्येक खेळात वरचढ होतं. बास्केटबॉलमध्ये तर त्यांच्या मुलांनी २०११ आणि २०१६ मध्ये डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद आणलं होतं. ९७-० हा फक्त स्क्रीनशॉट काढण्यासारखा पुरावा होता.

आता आधीचा प्रश्न. गालियार्डीचे जॉनी साठ पॉइंट ठोकत होते तेव्हा कुणाला त्रास झाला नाही, मग टॉमींचाच का झाला?

मला विचाराल तर खरं उत्तर स्कोअरबोर्डवर नाही, कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसात आहे.

सेंट थॉमसमध्ये पदवीचे सहा हजारांवर विद्यार्थी होते. मायॅकमधलं त्याखालचं सगळ्यात मोठं कॉलेज सेंट ओलाफ, तिथे साधारण तीन हजार. बाकीची बरीचशी दोन हजारांच्या आसपास. १९२० मध्ये ही सात कॉलेजं एकत्र आली तेव्हा ती भावंडं होती. शंभर वर्षांत त्यातलं एक वाढून विद्यापीठ झालं, १९७७ पासून मुलींनाही प्रवेश देऊ लागलं, शहरात असल्यामुळे पसरत गेलं. बाकीची होती तेवढीच राहिली. सेंट जॉन्स मैदानात कितीही राक्षस असलं तरी आकारानं ‘आपल्यातलं’ होतं. त्यांच्याकडे एक अफाट कोच आहे, तो गेला की बघू, असं म्हणता येत होतं. सेंट थॉमसबद्दल तसं म्हणता येत नव्हतं. कोच निवृत्त होतो, कॅम्पस निवृत्त होत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक आहे. डिव्हिजन थ्रीमध्ये स्कॉलरशिप नाही, म्हणजे फुटबॉलच्या टीममधला प्रत्येक मुलगा कॉलेजसाठी फी भरणारा विद्यार्थी आहे. एका टीममध्ये शंभरच्या आसपास मुलं असू शकतात. कॉलेजात एकूण दोन हजार विद्यार्थी, त्यात मुलगे समजा निम्मे. म्हणजे दर दहा मुलग्यांमागे एक जण केवळ फुटबॉल खेळायला मिळतंय म्हणून तिथे आलेला असू शकतो. अमेरिकेत कॉलेजच्या वयाच्या मुलांची संख्या घटतेय, छोटी खासगी कॉलेजं एकेका ॲडमिशनसाठी धडपडतायत. अशा वेळी सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या घरी जाऊन कोचनं काय सांगायचं? ‘ये आमच्याकडे, गेल्या वर्षी ९७-० हरलो’?

शिवाय हा अंगावर आदळण्याचा खेळ आहे. शे-सव्वाशे किलोचे अनुभवी गडी समोर आणि आपल्याकडे बेंचवर पुरेशी पोरं नाहीत, तर प्रश्न फक्त इज्जतीचा राहत नाही.

हे मायॅकला नवीन नव्हतं. सेंट पॉलमधलंच मॅकॅलेस्टर कॉलेज बघा. तेही संस्थापक सातांपैकी एक, अभ्यासात देशात नावाजलेलं. त्यांची फुटबॉल टीम १९७४ ते १९८० मध्ये सलग ५० मॅच हरली. ती मालिका संपली तेव्हा शेवटच्या काही सेकंदांत मारलेल्या फील्ड गोलवर ते १७-१४ नं जिंकले आणि अमेरिकाभर त्याची बातमी झाली. पुढे २००१ च्या सीझननंतर मॅकॅलेस्टरनं फुटबॉलपुरतं मायॅक सोडलं. बाकी खेळ इथेच, पण फुटबॉल दुसरीकडे. त्या वेळी दुबळ्या टीमनं जायचं असतं, अशीच रीत होती. २०१९ मध्ये पहिल्यांदा ती उलटी फिरली आणि लीगनं बलवान टीमला दार दाखवलं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सेंट थॉमसच्या खेळाडूंनी काय गुन्हा केला होता? तेही फी भरूनच खेळत होते. जास्त मेहनत केली, जास्त चांगला कोच आणला, म्हणून शिक्षा? विद्यापीठाच्या अध्यक्ष जुली सलिव्हन यांनी निराशा जाहीरपणे बोलून दाखवली. आमच्या कॉलेजच्या दिवसांत युथ फेस्टिव्हलचा फिरता करंडक दरवर्षी एकच कॉलेज न्यायचं. आम्ही त्यांच्या नावानं खडे फोडायचो, पण त्यांना स्पर्धेतूनच काढा असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. अर्थात आमच्या कॉलेजची ॲडमिशनं त्या करंडकावर अवलंबून नव्हती, हेही आहेच.

निरोपाचा सीझन

तर अशा वातावरणात २०१९ चा सीझन सुरू झाला. हिशोब असा होता की टॉमींचे मायॅकमध्ये अजून दोन सीझन बाकी आहेत, २०१९ आणि २०२०.

१९ ऑक्टोबर २०१९ ला टॉमी-जॉनी मॅच सेंट पॉलच्या अलायन्झ फील्डवर झाली. हे सॉकरचं नवंकोरं स्टेडियम, त्याच वर्षी उघडलेलं. १९,५०० च्या आसपास लोक, सगळं खचाखच. गंमत म्हणजे, ‘यांना कोणी हरवू शकत नाही’ म्हणून ज्यांना काढलं ते टॉमी ती मॅच ३८-२० अशी हरले. बरं, आधीच्या वर्षीही जॉनीच जिंकले होते. २०१८ आणि २०१९ अशी दोन्ही वर्षं मायॅकचं फुटबॉल विजेतेपद सेंट जॉन्सकडे गेलं. म्हणजे हकालपट्टीचा निर्णय झाला तेव्हा फुटबॉलमध्ये सेंट थॉमस गटाचं राजाही नव्हतं.

जॉनींचा तो सीझन पुढे भन्नाट गेला. डिव्हिजन थ्रीच्या प्लेऑफमध्ये तेव्हा ३२ टीम असायच्या, हरलात की घरी. सेंट जॉन्सनं पहिल्या फेरीत ऑरोराला ५१-४७ नं हरवलं, मग चॅपमनला ५५-२६, मग व्हीटनला त्यांच्याच मैदानावर ३४-३३, फक्त एका पॉइंटनं. सेमीफायनलला विस्कॉन्सिनच्या व्हाइटवॉटरनं ३५-३२ असं रोखलं. तीन पॉइंटांनी फायनल हुकली. गालियार्डी हे बघायला नव्हता, तो २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये गेला.

आणि मग २०२० आलं. पुढचं तुम्हाला माहितीये. कोरोनामुळे मायॅकचा शरद ऋतूतला फुटबॉल सीझन झालाच नाही. निरोपाचे दोन सीझन मिळणार होते, त्यातला एक गेला. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून अलायन्झ फील्डवरून घरी गेलेल्या लोकांना तेव्हा कल्पना नव्हती, की गटातले सोबती म्हणून ही दोघांची शेवटची मॅच होती. निरोपाचं भाषण नाही, काही नाही.

मग सेंट थॉमस गेलं कुठं?

थेट डिव्हिजन वनमध्ये! हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. नियमाप्रमाणे डिव्हिजन थ्रीमधून आधी टूमध्ये जायचं, तिथे काही वर्षं काढायची, मग वन. हा सगळा प्रवास १२ वर्षांचा होता. सेंट थॉमसनं खास परवानगी मागितली आणि जुलै २०२० मध्ये एनसीएएनं ती दिली. तीनवरून थेट एकवर उडी मारणारं ते आधुनिक काळातलं पहिलं कॉलेज ठरलं.

बाकीच्या बहुतेक खेळांसाठी ते समिट लीगमध्ये गेले, फुटबॉलसाठी पायोनियर फुटबॉल लीगमध्ये. ही लीग डिव्हिजन वनमधली असली तरी फुटबॉलसाठी स्कॉलरशिप देत नाही, त्यामुळे जमून गेलं. सुरुवातीला नॉर्दर्न आयोवासारख्या स्कॉलरशिपवाल्या टीमकडून दणकून मारही खाल्ला. ९७-० वाल्या पोरांना समोरच्या बाजूला उभं राहिल्यावर कसं वाटतं तेही कळलं. पण २०२२ मध्ये, म्हणजे दुसऱ्याच सीझनला, त्यांनी पायोनियर लीग जिंकली. गटातल्या आठपैकी आठ मॅच. तरी प्लेऑफ खेळता आले नाहीत, कारण वर आलेल्या नव्या कॉलेजवर काही वर्षं तशी बंदी असते.

हाकलल्यामुळे त्यांचं भलंच झालं, असं आज बरेच लोक म्हणतात. पैसा आला, देशभर नाव झालं, कॅम्पसवर नवं अरीना उभं राहिलं. पण ज्या मॅचला ३७ हजार लोक यायचे, ती मॅच मात्र त्यांच्या कॅलेंडरवरून गेली. पायोनियर लीगमधले प्रतिस्पर्धी सॅन डिएगो, डेटन, ड्रेक. कुणाच्या आजोबांचं यांच्याशी भांडण नाही.

आणि मायॅकमध्ये बरोबरी आली का? पूर्ण नाही. त्यानंतरच्या सीझनमध्येही वरची जागा बहुतेक सेंट जॉन्स आणि बेथेल यांच्यातच फिरत राहिली. म्हणजे राक्षस गेला तरी गावात पैलवान शिल्लक होतेच. फरक इतकाच की हे पैलवान गावाच्या मापाचे होते.

२०२१ मध्ये लीगनं फुटबॉलची घडीच बदलली. डलुथचं सेंट स्कोलॅस्टिका नव्यानं आलं, दहा टीम झाल्या आणि त्यांचे पाच-पाचचे दोन विभाग केले, नॉर्थवुड्स आणि स्कायलाइन. त्या दहांमधली दहावी टीम होती मॅकॅलेस्टर. सलग ५० मॅच हरलेलं, वीस वर्षांपूर्वी फुटबॉल घेऊन बाहेर पडलेलं तेच कॉलेज, सेंट थॉमस गेल्यावर परत मायॅकमध्ये खेळायला आलं.